सोलता येतं ना भो?

अनोळखी राहायची सोय खानदेशात नाही. पुण्या-मुंबईकडे दोन माणसं लिफ्टमध्ये छताकडे बघत अकराव्या मजल्यापर्यंत जातात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्याकडे लिफ्ट सुटायच्या आत ‘गाव कोणतं?’ येतं. पहिल्या मजल्यावर मामाचं गाव निघतं, दुसऱ्यावर सासुरवाडी, आणि तिसऱ्यावर उतरताना तुम्ही समोरच्याच्या साडूच्या चुलतभावाचे व्याही ठरलेले असता. ज्याला हे आवडतं त्याला इथे स्वर्ग आहे. मी त्यातला नाही. अनोळखी माणसांत गेलो की माझे हात लांब होतात.

एरवी हे हात कुठे असतात, मला पत्ता नसतो. लग्नाच्या मंडपात पाऊल टाकलं की ते दोन्ही बाजूंना लोंबायला लागतात. खिशात घातले तर उर्मट दिसतो, मागे बांधले तर भोजनव्यवस्था तपासायला आलेला अधिकारी, पुढे बांधले तर चुकीच्या कार्यक्रमाला आलेला माणूस. मग फोन काढायचा. फोनमध्ये बघण्यासारखं काही नसतं. मी तापमान बघतो. मे महिन्यात आमच्याकडचं तापमान हे घामाने भिजलेल्या शर्टावरूनही कळतं, तरी मी ते एकाग्रतेने वाचतो, पुन्हा वाचतो, आणि महत्त्वाचा निरोप आल्यासारखी मान हलवतो.

त्यातून अमळनेर-पारोळ्याकडचं लग्न असलं की एखादी नऊवारीतली आजी लांबूनच डोळे बारीक करून हेरते. “कोना पोऱ्या शे रे तू?” चाळिशी उलटलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या माणसालाही ‘पोऱ्या’ व्हावं लागतं. मी वडिलांचं नाव सांगतो. ते पुरत नाही. आजोबांचं नाव सांगतो. आजी डोळे मिटतात. आत कुठेतरी वह्या चाळल्या जात असाव्यात. मग डोळे उघडतात : “आमनी मावशी तठेच देयेल शे. बठ, बठ.” म्हणजे आजींची मावशी तिथेच दिलेली. इतकं झालं की मी बसतो आणि पुढे काय बोलायचं ते मला सुचत नाही. मावशी कशा आहेत असं विचारावं, तर आजींचं वय बघता मावशी असण्याची शक्यता फार नसते.

खरं तर ही पद्धत ज्याने काढली तो हुशार. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा काढला, पण सोयरिकींच्या नकाशावर यातली एकही रेघ उमटलेली नाही. शहाद्याची मुलगी चाळीसगावात आणि चाळीसगावची रावेरात. तीन प्रश्नांत नातं सापडलंच पाहिजे, आणि सापडतंही. फक्त तिसरा प्रश्न ‘पाटील म्हणजे कोणते पाटील?’ असा आला, तर तो कुठे चाललाय हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि मलाही. तिथे मी पाणी प्यायला उठतो. उन्हाळ्यात हे कुणाला खटकत नाही.

लाजऱ्या माणसासाठी खानदेशाने एक मोठी सवलतही ठेवली आहे, ती सांगायलाच हवी. इथे नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत. पन्नाशीपुढचा कुठलाही पुरुष नाना, आप्पा, आबा, तात्या, बापू नाहीतर अण्णा असतो. ‘आप्पा’ म्हणून बघावं. आप्पा नसले तर ते स्वतःच ‘मी नाना’ म्हणून दुरुस्ती करतात, रागावत नाहीत, आणि आपल्याला पहिलं वाक्य आयतं मिळतं. दुसरं वाक्य कापसाच्या भावाचं. तिसरं भुसावळच्या पाऱ्याचं. ४५ म्हणून छापून आलं की खरं ४७ असतं आणि सरकार मुद्दाम कमी सांगतं, याबद्दल सबंध जिल्ह्यात एकमत आहे. चौथ्या वाक्याला माझी पुंजी संपते.

पूर्वी पंगत होती तेव्हा हे सगळं इतकं अंगावर येत नसे. पंगतीत तुमची जागा दुसरं कुणीतरी ठरवतं. खाली मान घालून वरण-बट्टी कुस्करायची, वांग्याची घोटलेली भाजी घ्यायची, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीला नको म्हणायचं आणि तरी ती पानात पडल्यावर खायची. शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही, नुसतं त्याचं मनगट दिसतं. त्या मनगटाशी मी अनेकदा छान बोललो आहे. “मीठ सरकवा जरा.” “वरणाला तिखट बरंय.” त्याचं तोंड कसं आहे ते मला कधीच कळलं नाही आणि आमच्या संबंधांचं त्यामुळे काही बिघडलं नाही. आता बुफे आला. बुफेत ताट हातात घेऊन मैदानात उभं राहायचं आणि कुठल्या घोळक्यात शिरायचं ते आपलं आपण ठरवायचं. घोळके पाठमोरे असतात. बसस्टँडवर विसरलेल्या पिशवीकडे लोक बघतात, तसं जो तो माझ्याकडे बघतोय असं मला वाटत राहतं.

“तसं कुणी बघत नसतं, मामा,” माझी भाची म्हणते. ती पुण्याला मानसशास्त्र शिकते आणि सुट्टीत येऊन आम्हाला तपासते. तिने मला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो नावाच्या गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावला. तो घालून चारचौघांत जायची त्या पोरांना लाज वाटेल असा हिशेब होता. मग त्यांना इतर पोरं बसलेल्या खोलीत पाठवलं. ‘किती जणांच्या लक्षात आलं असेल?’ असं विचारल्यावर टीशर्टवाल्यांना वाटलं, निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात आलं होतं. हे २००० साली छापूनही आलं. म्हणजे आपल्यावर वाटतो तितका उजेड पडलेला नसतो, असं तिचं म्हणणं.

मी तिला म्हटलं, हा प्रयोग कॉर्नेलला झाला म्हणून. पारोळ्याला करून बघा. शेवटच्या रांगेतल्या मामींना टीशर्ट तर दिसेलच. तो मागच्या लग्नातही घातला होता हेही त्या सांगतील.

तिच्याकडे दुसरं उदाहरण तयार होतं. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोघांनी शिकागोला रोज ट्रेनने जाणाऱ्यांपैकी काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला म्हणून सांगितलं, काहींना गप्प बसा म्हणून सांगितलं आणि काहींना रोजच्यासारखं जाऊ दिलं. लोकांचा अंदाज होता की बोलत गेलो तर प्रवास वाईट जाईल. झालं उलटं : बोलले त्यांचा प्रवास बरा गेला. २०१४ सालची गोष्ट. हेही मला पटतं. पण हा प्रयोग भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये करता यायचा नाही, कारण गप्प बसणारा गट आणायचा कुठून? धरणगावला चढलेला माणूस अमळनेर येईपर्यंत डबा उघडतो, नरडाण्याला तुमच्या हातावर शेव ठेवतो, आणि दोंडाईचा येईपर्यंत त्याच्या धाकट्याच्या नोकरीचं तुम्हाला बघायचं असतं.

भाचीने मग शास्त्र बाजूला ठेवलं आणि उपाय सांगितला. माणसांत घाबरल्यासारखं झालं की श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. लांब श्वास सोडला की हृदयाचे ठोके हळू होतात. बरोबर आहे, होतात. मी एका हळदीला मंडपाच्या खांबाला टेकून हे करून पाहिलं. ठोके उतरायला लागले होते, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “जवाईबापूंना दम लागला!” मग खुर्ची आली, पंखा माझ्याकडे वळवला गेला, एकाने कांदा फोडून नाकाला लावला, आणि ज्यांच्या नजरेत मी येऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप होता ते अख्खं बिऱ्हाड माझ्याभोवती गोळा झालं. बायको नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

असं सगळं असताना मी भरीत पार्टीला गेलो, म्हणजे मला नेण्यात आलं. चंपाषष्ठी झाली, हवेत गारवा आला की जळगावकडे माणसं शेताशेतांतून धूर करायला लागतात. ऑफिसातल्या एकाने ‘यावलकडे मित्राचं शेत आहे, चला’ म्हणून गाडीत घातलं, केळीच्या बागेच्या कडेला उतरवलं आणि ‘आलोच’ म्हणून जो गेला तो गेला. समोर पंचवीसेक पुरुष. सगळे एकमेकांना ओळखणारे, एकमेकांना ‘भो’ म्हणणारे. माझे हात लांब व्हायला लागले. मी फोन काढला. रेंज नव्हती.

तेव्हा जमिनीवर उकिडवे बसलेले एक गृहस्थ वर न बघताच म्हणाले, “सोलता येतं ना भो?”

कुठलं गाव नाही, कुणाचा कोण नाही. त्यांच्यापुढे भाजलेल्या वांग्यांचा ढीग होता. ही भरिताची वांगी वेगळी : फिकट हिरवी, चांगली थोराड, आत बिया कमी. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी टाकायची आणि साल काळी पडून सुटेपर्यंत उलटी-पालटी करायची. गॅसवरच्या भरिताला हा वास येत नाही. ज्यांना येतो असं वाटतं त्यांनी एकदा इकडे येऊन जावं.

मी बसलो आणि पहिलं वांगं उचललं. ते लगेच खाली ठेवलं, कारण बोटं भाजली. गृहस्थ म्हणाले, “फुंका.” मी फुंकलं. लांब फुंकलं. वांग्यावर, बोटांवर, पुन्हा वांग्यावर. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की भाचीचा उपाय इथे बारा-पंधरा माणसं ओळीने बसून करतायत आणि कुणीही कुणासाठी खुर्ची आणत नाहीये. आणि हात? हात काळे, चिकट, गरम आणि गुंतलेले. लोंबायला मोकळे नव्हतेच. भाजत्या वांग्याची साल काढताना आपण लोकांना कसे दिसतोय हा विचार करून दाखवावा, मी त्या माणसाला मानेन.

बोलणं कसं सुरू झालं ते सांगता येणार नाही, कारण ते वांग्याकडे बघत बोलत होते आणि मीही वांग्याकडेच बघत होतो. त्यांना सगळे आप्पा म्हणत होते. एवढ्या केळीच्या बागेची रोपं कंदाची की टिशूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, एवढंच मी विचारलं. त्यावर दोन टोपल्या वांगी झाली. टिशूची रोपं कशी एका वयाची, एका उंचीची येतात. सीएमव्ही हा विषाणू आला की अख्खी रोपं उपटून कशी गाडावी लागतात. मे महिन्यात पारा चढला की पानं कशी करपतात. आणि जूनच्या आधी एक वारा असा सुटतो की घड लागलेली बाग तासाभरात आडवी होते. हे शेवटचं सांगताना त्यांचा हात थांबला. मी “मग?” म्हटलं. अख्ख्या संध्याकाळी मी हा एकच शब्द वेगवेगळ्या स्वरांत वापरला. आप्पांनी नंतर कुणाला तरी माझी ओळख करून देताना म्हटलं, “माणूस फार बोलका आहे.”

मग लाकडी भांड्यात सोललेली वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण यांची ठेचाठेची झाली. त्याचा आवाज इतका होता की बोलायचा प्रश्नच नव्हता, पण मला मुसळ धरायला बोलावलं गेलं हे महत्त्वाचं. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात पडली. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. सगळे ओळीने मांडी घालून बसले. शेजारचं मनगट ओळखीचं होतं, नखांत माझ्याइतकीच काजळी.

रात्री घरी येऊन आडवा झालो आणि नेहमीची चौकशी समिती बसली. टिशूचं आपण दोनदा विचारलं का? वाऱ्याचं बोलताना आपण तिसरी पुरी घेत होतो, ते बरं दिसलं का? भाचीला फोन केला. ती झोपेत म्हणाली की यावरही अभ्यास झालाय, २०१८ साली, एरिका बूथबी आणि मंडळींचा. नव्या माणसाशी बोलून झाल्यावर त्याला आपण किती आवडलो याचा लोक कमीच अंदाज करतात. आणि मामा, साडेअकरा वाजलेत.

तिचं म्हणणं खरं निघालं असावं, कारण परवा माझ्या फोनवर लग्नाची पत्रिका आली. पाठवणारे ‘आप्पा वांगी’. मी नंबर त्याच नावाने ठेवला होता. खरं नाव विचारायचं राहून गेलं. लग्न मे महिन्यात, रावेरला. पत्रिकेत नेहमीप्रमाणे दोन्हीकडचं अख्खं खानदान छापलेलं, आणि नावापुढे ‘आप्पा’ लिहिलेली चार माणसं. यातले आपले कोणते आणि लग्न त्यांच्या मुलाचं की पुतण्याचं, काही कळायला मार्ग नाही.

“मग तिथे जाऊन विचारणार कुणाला?” हिने विचारलं.

मी म्हटलं, विचारायचं कशाला? आदल्या रात्री जाऊ. मांडवामागे वांगी आणि गंगाफळं चिरायला माणसं बसलेली असतील, तिथे मी बसतो. आप्पा असले तर तिथेच असतील, आणि नसले तरी रात्र जाईल.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच सांगितलं की श्वासाचे प्रकार तिथे करायचे नाहीत. ते मी कबूल केलं आहे. घरची सुरी बरोबर न्यावी की तिथे मिळेल, यावर मात्र अजून आमचं एकमत झालेलं नाही.