दगडी पूल आणि लंडनहून आलेलं पत्र

पावसाळा लागला की गावोगावच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: आपल्या नदीवरचा दगडी पूल इंग्रजांनी बांधला, चुन्यात गूळ आणि अंडी घातली, शंभर वर्षं भरल्यावर लंडनच्या कंपनीनं ‘मुदत संपली’ असं पत्र पाठवलं, तरी पूल जागचा हलला नाही. नदी तेवढी बदलते. कधी मांजरा, कधी दुधना, कधी तेरणा, सगळ्या आपल्या मराठवाड्यातल्या.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जालन्याला इंग्रजांची छावणी होती, निजामाच्या नोकरीत काही इंजिनियरही इंग्रज होते, हे खरं. पण इथले रस्ते-पूल करणारं खातं संस्थानाचं, पैसा रयतेच्या साऱ्याचा आणि दगड घडवणारे हात वडार-पाथरवटांचे. नळदुर्गला बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल काढला, तो आदिलशाहीत, सतराव्या शतकात. तेव्हा इंग्रज सुरतेच्या वखारीत व्यापार करत होते. आपल्या माणसांची मेहनत परक्याच्या नावावर चढते, याचा मला खरंच राग येतो.

पत्र तर आजवर कुणी दाखवलेलं नाही. संस्थानाच्या पुलाची मुदत लंडनची कंपनी कशाला मोजेल?

चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद घालायची चाल होती. पण पूल उभा आहे तो कमानीवर. पाचरीसारखे घडवलेले दगड वरून वजन आलं की एकमेकांना आवळतात आणि भार खाली पायात उतरवतात.

‘हलत नाही’ हे सगळ्यात घातक. महाडजवळचा सावित्रीवरचा पूलही जुना, दगडी, इंग्रजी अमदानीतलाच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी बस घेऊन. आपल्याकडे दरजांतून पिंपळ फुटलेत. चुना झडलेल्या सांध्यांवर सिमेंट थापतात. त्यानं ओल आत कोंडते आणि उरलेला चुना भुसभुशीत होतो. त्याहून वाईट म्हणजे पुलालगतचा वाळूउपसा. वाळू गेली की पाया उघडा पडतो, आणि पुराचं पाणी खांबाला वळसा घेताना नेमकं तिथंच कोरतं. वरची कमान कितीही भक्कम असो, खालचा आधार सरकला की तिचे दगड सुटतात.

पूर ओसरल्यावर खांबांच्या बुडाशी जाऊन बघा. पायाचा दगड दिसत असेल तर फोटोसह तहसीलदारांना आणि बांधकाम विभागाला लेखी द्या, आणि तपासणी होईपर्यंत उसाच्या ट्रॉल्या दुसऱ्या रस्त्यानं न्या.