प्रयोगशाळेतलं चिकन आणि मुंबईचे व्हीगन

मुंबईतल्या माझ्या व्हीगन, म्हणजे मांसच नव्हे तर दूध-अंड्यांसकट प्राण्यांपासून मिळणारं सगळंच टाळणाऱ्या, मित्रमंडळींत सध्या दोन तट पडले आहेत. पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस उद्या भारतात विकायला आलं, तर आपण त्याला पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा? विरोध करणारे म्हणतात, मांस ते मांसच. आपण त्याला मान्यता दिली, तर प्राणी ही खाण्याची वस्तू आहे ही समजूत आणखी घट्ट होईल. त्यांची कळकळ खरी आहे, पण मला हे पटत नाही. मी सिंगापूरला राहते. असं चिकन विकायची परवानगी जगात सर्वांत आधी याच शहरात मिळाली, डिसेंबर २०२० मध्ये.

आधी एक घोळ निस्तरते. घरचे फोनवर सर्रास ‘ते क्लोनवालं मटण’ म्हणतात. क्लोनिंगमध्ये एखाद्या जनावराची हुबेहूब प्रत असलेलं अख्खं जनावर जन्माला येतं. १९९६ साली डॉली मेंढी जन्मली ती २७७ प्रयत्नांनंतर. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये म्हशीचं पहिलं क्लोन रेडकू काही दिवसांतच दगावलं, त्यानंतर गरिमा जन्मली. क्लोन केलेल्या गायी-डुकरांचं मांस खायला सुरक्षित आहे, असं अमेरिकेने २००८ मध्ये जाहीर केलं, पण ते मांस शेवटी जनावर कापूनच मिळतं. व्हीगन माणसाने त्याचा वेगळा विचार करायचं कारणच नाही.

पेशींच्या मांसाचं तसं नाही. अंड्यातून किंवा जिवंत जनावराच्या अंगातून थोड्या पेशी घेतात आणि साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं घातलेल्या द्रावात, स्टीलच्या टाकीत वाढवतात. इथे खरी मेख आहे ती त्या द्रावात. या पेशी वाढवायला वर्षानुवर्षं वासराच्या गर्भाचं सीरम वापरलं गेलं. कत्तलखान्यात गाभण गाय कापली की पोटातलं न जन्मलेलं वासरू काढायचं, त्याच्या हृदयात सुई घालून रक्त ओढायचं, आणि त्या रक्तातून हे सीरम वेगळं करायचं. ज्या मांसाची जाहिरात ‘हत्येशिवाय’ अशी व्हायची, त्याच्या मुळाशी हे होतं. व्हीगन मंडळींचा सगळा संताप इथे असायला हवा होता, आणि सुरुवातीला तो होताही. जानेवारी २०२३ मध्ये सिंगापूरने सीरम न वापरता वाढवलेल्या चिकनला मंजुरी दिली. माझ्या दृष्टीने २०२० च्या परवानगीपेक्षा ही मंजुरी मोठी.

व्हीगन चळवळीतही एकमत नाही. १९४४ मध्ये स्थापन झालेली ब्रिटनची व्हीगन सोसायटी अशा मांसाला पाठिंबा देत नाही, कारण त्यात प्राण्याचा वापर होतोच. प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्या पेटा या संस्थेने मात्र २००८ मध्येच प्रयोगशाळेतलं चिकन बाजारात आणणाऱ्याला १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. मुदत वाढवूनही ते कुणाला मिळालं नाही.

या मांसाने जग बदललं, असं इथे राहून मी म्हणणार नाही. मे २०२४ मध्ये डेम्प्सी भागातल्या ह्यूबर्स या मांसाच्या दुकानात ते पाकिटातून मिळू लागलं. तेव्हा १२० ग्रॅमला सिंगापूरचे ७ डॉलर २० सेंट, आणि त्यात कोंबडीच्या पेशी फक्त ३ टक्के, बाकी बहुतेक वनस्पतींची प्रथिनं. २०१३ मध्ये लंडनला डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी दाखवलेल्या अशा मांसाच्या पहिल्या बर्गरला अडीच लाख युरो लागले होते, त्या मानाने मजल मोठी आहे. पण रोजच्या जेवणाला ही किंमत परवडणारी नाही.

तरीही मी पाठिंबा देते, आणि त्याचं कारण मुंबईतलं कुठलंही चिकनचं दुकान आहे. गटारीच्या दिवशी सकाळी तिथे उभं राहून पाहा. पिंजऱ्यात एकमेकींवर रेललेल्या पांढऱ्या कोंबड्या, वय जेमतेम सहा आठवडे, अंगाचं वजन पायांना पेलत नाही. एकेक पंख धरून ओढायची, मान कापायची आणि निळ्या ड्रममध्ये टाकून द्यायची. ड्रम आतून धडधड वाजत राहतो. रांगेतली माणसं फोन बघत असतात. जगात दरवर्षी ७० अब्जांहून जास्त कोंबड्या कापल्या जातात. आम्ही व्हीगन जे आवाहन करतो, ते रांगेतल्या बहुतेकांनी आजवर ऐकलेलं नाही आणि उद्याही ऐकणार नाहीत. ते ऐकेपर्यंत कोंबडीने ड्रममध्येच राहावं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

मुंबईत ही चर्चा गुंतते ती सोवळ्यात. एका मामेभावाने मला विचारलं, “हे चिकन मग व्हेज झालं ना? सोसायटीत चालेल?” आमच्याच नात्यातल्या एका जोडप्याला ‘मासे खाता का’ असं विचारून फ्लॅट नाकारला गेला होता, म्हणून त्याचा प्रश्न. माझं उत्तर, नाही चालणार. घर नाकारणाऱ्याला पापलेट मेलं की नाही याच्याशी कर्तव्य नसतं, त्याला कोण कुठल्या जातीचं, काय शिजवतं एवढंच बघायचं असतं. २०१५ मध्ये जैनांच्या पर्युषणात महापालिकेने मांसविक्री बंद ठेवायला सांगितली आणि उच्च न्यायालयाने त्या विक्रीबंदीला स्थगिती दिली. त्या गदारोळात कुणी कोंबडीच्या बाजूने बोलल्याचं मला आठवत नाही. वादातला एक पक्ष शुद्धतेचा, दुसरा अस्मितेचा. व्हीगन माणसाने या दोन्हींपासून लांब राहावं, आणि तेवढ्याच ठामपणे दुधाबद्दल बोलावं. दूध विकायचं असल्याने तबेल्यात जन्मलेलं नर रेडकू पोसणं कुणालाच परवडत नाही. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगात वरच्या क्रमांकांत आहे, आणि ते मांस याच दुधाच्या धंद्यातून येतं. चहाच्या कपाशी येऊन थांबणारी अहिंसा मला मान्य नाही.

कायद्यापुरतं बोलायचं तर उत्तर स्पष्ट आहे. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या व्हीगन नियमांनुसार प्राणिजन्य काहीही चालत नाही, प्राण्यांवर केलेली चाचणीही नाही. तेव्हा या मांसावर व्हीगन खूण येऊ शकत नाही, आणि येऊही नये. मांसाहारी पदार्थांवरचा तपकिरी त्रिकोणच योग्य. मी स्वतः ते खाणार नाही. सिंगापुरात टोफू आणि टेंपे हे सोयाबीनचे पदार्थ हाताशी असताना मला त्याची गरजच नाही.

मुंबईच्या मंडळींना एकच आग्रह आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये एका खासगी कंपनीबरोबर पापलेट, सुरमईसारख्या माशांचं मांस पेशींपासून वाढवायचं काम हाती घेतलं. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीनेही २०१९ मध्ये अशा मांसासाठी संशोधन केंद्राची घोषणा केली होती. म्हणजे हा विषय आपल्या दाराशी आला आहे. हे मासे बाजारात येण्याआधी, आत्ताच या संस्थांना पत्रं लिहा आणि विचारा: पेशी कुठून आणि कितीदा घेणार? द्रावात सीरम आहे का? चाचण्या कुणावर? भाऊच्या धक्क्यावरच्या कोळणींना या व्यवहारात कुठे जागा आहे? उत्तरं लेखी मागा आणि सगळ्यांसमोर ठेवा.