डायमंड 'मदतनीस' नव्हते हो

तुमच्या लेखात पटकथाकार आय. ए. एल. डायमंड यांना हॉलिवूडचे दिग्दर्शक बिली वाइल्डर यांचे 'मदतनीस' म्हटलंय ते वाचून खरंच वाईट वाटलं. अहो, १९५७ पासून दोघं जोडीनं पटकथा लिहायचे, 'द अपार्टमेंट'च्या पटकथेचं ऑस्करही दोघांच्या नावावर आहे, मग मदतनीस कसे? 'सम लाइक इट हॉट'चं 'नोबडीज परफेक्ट' हे गाजलेलं शेवटचं वाक्य डायमंडनी सुचवलं हे खुद्द वाइल्डरच सांगायचे, आधी तात्पुरतं म्हणून ठेवलेलं, याहून चांगलं काही सुचेना म्हणून तेच राहिलं.

'द अपार्टमेंट'मधला तो तडकलेला आरसा आठवा. नवी टोपी कशी दिसते बघायला साहेबांना आपला फ्लॅट वापरायला देणारा कारकून बॅक्सटर त्याला आवडणाऱ्या मिस कुबेलिकचा छोटा आरसा हातात घेतो आणि आधी फ्लॅटवर सापडलेल्या आरशाचाच तो तडा बघून त्याला कळतं की साहेबाबरोबर आपल्या फ्लॅटवर येणारी ती हीच. कुणी काही समजावून सांगत नाही, इतका वेळ हसणारे आपण एकदम गप्प होतो. मी कॉलेजात मित्राबरोबर एकांकिका लिहायचो, असा एखादा क्षण जमवायला रात्रीच्या रात्री जायच्या आणि नंतर कुठली ओळ कोणाची ते आम्हालाच सांगता यायचं नाही. रोमानियात जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेल्या डायमंडवर वेगळा लेख लिहाच, प्लीज.