जहाज गोव्याला लागलं, तर बेळगावकरानं उतरावं काय?

आधी मत सांगतो, मग भांडा. क्रूझला जाणाऱ्या आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या माणसांनी बंदरावरचा दिवस ठरवताना जहाजवाले बंदरावर ज्या सहली विकतात त्यांचं पत्रक सगळ्यात शेवटी उघडावं. आधी घड्याळ बघावं, मग सोबत कोण कोण आहे ते बघावं, आणि त्यानंतर गावांची नावं वाचावीत. आपण नेमकं उलटं करतो. नाव मोठं दिसलं की पैसे भरून मोकळे, आणि मग दिवसभर बसच्या खिडकीतून हायवे बघत बसतो.

हे लिहायचं कारण म्हणजे हल्ली आपल्याकडे लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला की कुंद्याच्या डब्यांबरोबर क्रूझचं बुकिंगही निघतं. चांगलंच आहे की. रात्रीच्या स्लीपरनं मुंबई, दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअर, संध्याकाळी जहाज सुटतं. आणि पुढच्या सकाळी पडदा सरकवला की समोर काय? मुरगाव! चोर्ला घाटातून तीन तासांत जिथे पोचलो असतो तिथेच, आधी पाचशेक किलोमीटर उलट्या दिशेला जाऊन, मग समुद्रमार्गे. आमचे भावोजी तेव्हाच पांघरूण ओढून म्हणाले, "गोव्याचा रस्ता मला कोल्हापूरपेक्षा पाठ आहे. तुम्ही जावा. खरं मला उठवू नका."

भावोजींचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बंदरावर उतरलंच पाहिजे असा नियम नाही. सगळे उतरल्यावर जहाज जे रिकामं होतं ते एरवी कधीच मिळत नाही. पोहण्याच्या तलावात दोन माणसं, जेवणाच्या हॉलमध्ये रांग नाही, डेकवर हवी ती खुर्ची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला 'पैसे भरलेत ना, मग चल' म्हणून फरफटत नेण्यापेक्षा हे बरं. पैसे जहाजाचेही भरलेलेच असतात.

खरं माझं मत असं की गोव्यात उतरावंच, आणि आपण बेळगावकरांनी तर नक्की उतरावं. ते का, हे सांगायच्या आधी घड्याळाचा हिशोब बघूया.

पत्रकावर लिहिलेलं असतं, समजा, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आपण लगेच दहा तास मोजतो. जहाज धक्क्याला लागलं म्हणजे दार उघडलं असं नसतं. बंदराची मंजुरी यावी लागते, मग घोषणा होते, मग जहाजाच्या सहलीवाल्यांचे गट आधी सोडतात. शिवाय ही बंदरं काही फिरायला बांधलेली नाहीत. मुरगावात कोळसा उतरतो, लोहखनिज चढतं, ट्रक धावतात. तिथून चालत बाहेर पडू देत नाहीत, गेटपर्यंत बसनंच जावं लागतं. परतताना जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी आत असायला लागतं, आणि तपासणीच्या रांगेत नेमके सगळे एकाच वेळी येतात. एवढं सगळं वजा केलं की हातात सहा-साडेसहा तास उरतात. त्यात जेवण, त्यात टॅक्सीशी घासाघीस, त्यात आक्काला बाथरूम शोधून देणं.

आता या सहा तासांत लोक काय काय बसवतात बघा: जुना गोवा, मंगेशी, मिरामार, पणजीत खरेदी, जमलं तर कळंगुट. मुरगाव बंदर वास्को गावाला लागूनच, आणि वास्कोहून पणजी तीसेक किलोमीटर. नवीन झुआरी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीचा जुना खोळंबा सुटला, हे खरं. तरी एवढ्या सगळ्या ठिकाणी गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, परत चढायचं. आणि हे सगळं आपण कधीही, शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी येऊन करू शकतो. केलेलंही असतं.

देवदर्शनाचं तर मला मुळीच पटत नाही. आमच्या घरात यावरून वाद झाला. "गोव्यात पाय ठेवायचा आणि देवीला न जाता परत यायचं? लोक काय म्हणतील?" वहिनी आईकडे बघून म्हणाल्या. मी म्हटलं, देवीला जायचं तर नीट जाऊया. घरून निघून, ओटी भरून, अभिषेक करून, प्रसादाचं जेवण जेवून, देवळाच्या अग्रशाळेत दुपारी जरा लवंडून. टॅक्सीवाल्याला बाहेर उभा करून, एक डोळा घड्याळावर ठेवून कवळ्याला जाणं म्हणजे हजेरी लावणं. आई गप्प राहिली. पटलं म्हणून की रागानं, ते अजून कळलेलं नाही.

मग उतरून करायचं काय? वास्को बघायचं. आपण गोव्याला जन्मभर गेलो खरं वास्को कधी बघितलं? स्टेशनावरून बाहेर पडलो की पणजीची नाहीतर मडगावची बस, एवढीच आपली ओळख. आणि या गावाशी आपलं नातं तर फार जुनं. मुरगाव बंदर आणि लोंढ्यावरून जाणारी आपली रेल्वे ही जोडीनंच उभी राहिली, 1880 च्या दशकात. दख्खनचा माल समुद्रापर्यंत नेण्यासाठी पोर्तुगीज हद्दीत एक कंपनी, ब्रिटिश हद्दीत दुसरी, आणि मध्ये कॅसलरॉक. लहानपणी दूधसागरच्या पुलावर गाडी थांबली की आपण दारात लोंबकळायचो, तो रूळ शेवटी जातो कुठे, तर इथे, या धक्क्याकडे. जहाजाच्या वरच्या डेकवरून ते बंदर बघणं हे चोर्ल्यातून जाऊन मिळत नाही.

गावात आधी भाजीबाजार. गड्डे, बटाटे, हिरवी मिरची, सगळं आपल्याकडून रात्रीच्या गाड्यांनी आलेलं. कोबीचं पोतं रिकामं करणारा पोरगा कन्नडमध्ये मोबाइलवर बोलत होता, गिऱ्हाइकाशी कोंकणीत आणि हमालाशी मराठीत. आपल्याला तिथे परकं वाटतच नाही. मुलं सोबत असतील तर बोगमाळोच्या वाटेवरचं नौदलाचं विमान संग्रहालय. एकेकाळी विक्रांतवरून उडणारी सी हॉक विमानं तिथे अंगणात उभी आहेत. सोमवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. मग परत गावात येऊन मासळीची थाळी: किसमूर, तिसऱ्या, सोलकढी आणि रवा लावलेला बांगडा. जहाजावरच्या शंभर पदार्थांत असा बांगडा नसतो. जेवून दोन-अडीचला जहाजावर परत. भावोजी तोवर उठलेले असतात.

एक गोष्ट आपल्या फायद्याची. बाकीच्या प्रवाशांना स्वतः टॅक्सी करून फिरताना एकच धास्ती असते, जहाज सुटलं तर? आणि ती खरी आहे. जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाजवाले जबाबदारी घेतात. आपण आपले फिरत असलो तर ते थांबत नाहीत, पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चानं जायचं. लांबच्या ठिकाणी त्यांच्या सहलीला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे तो एवढ्याचसाठी. गोव्यात मात्र बेळगावकराचं जहाज सुटलं तर काय होणार? घरी जाणार! कपडे तेवढे कोचीला फिरून येतील. (गोवा एक्स्प्रेस दुपारीच वास्को सोडते, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. रात्री बस शोधावी लागेल.)

कोचीत मात्र हा विनोद चालत नाही. तिथे निवड खरोखर विचार करून करावी लागते.

कोचीला जहाज लागलं की नव्वद टक्के मराठी मंडळी 'अलेप्पी' म्हणतात. हाउसबोटीचा फोटो सगळ्यांच्या डोक्यात असतो. अलप्पुळा तिथून पन्नासेक किलोमीटर. दीड तास जायला, दीड-दोन तास यायला, हायवेचं काम चालू असलं तर देवच जाणे. म्हणजे सहातले तीन-साडेतीन तास गाडीत. उरलेल्यात बोटीवर चढेपर्यंत उतरायची वेळ होते. बॅकवॉटर बघायचंच असेल तर स्वतंत्र जा, रात्री मुक्काम करा. हाउसबोटीची मजाच मुळात संध्याकाळी बोट बांधून ठेवल्यावर असते. जहाजातून उतरून दुसऱ्या बोटीत बसायला दीड तास गाडीत बसणं, हे मला तरी कळत नाही.

आणि दाराशी काय आहे बघा. जहाज लागतं ते विलिंग्डन बेटावर. हे बेटच माणसानं केलेलं, बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाचं. तिथून फोर्ट कोची आणि मट्टांचेरी रस्त्यानं दहा किलोमीटरच्या आत. पाण्यावरून जायचं असेल तर सरकारी बोटी आहेत, 2023 पासून वॉटर मेट्रोही आहे. एवढ्याशा जागेत पोर्तुगीज, डच, इंग्रज, ज्यू, गुजराती, सगळे आपापलं काहीतरी ठेवून गेलेत. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. 1524 मध्ये तो कोचीत वारला, तिथेच पुरला, आणि 1539 मध्ये अस्थी पोर्तुगालला नेल्या. म्हणजे आदल्या दिवशी ज्याच्या नावाच्या गावात बांगडा खाल्ला, त्याची रिकामी कबर दुसऱ्या बंदरात. पत्रकात ही दोन्ही ठिकाणं वेगवेगळ्या पानांवर छापलेली असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

फोर्ट कोचीच्या काठावरची मासेमारीची चिनी जाळी सगळेच बघतात, खरं दोन मिनिटं. फोटो काढला की पुढे. तिथे अर्धा तास बसावं. लाकडी दांड्यांची ती भली मोठी सुपासारखी जाळी पाण्यात जाते, आणि वर काढताना चार-पाच माणसं दोर ओढतात. दोरांना मोठमोठे दगड बांधलेले असतात, वजन तोलायला. एकेक दगड फळीवर टेकतो तसा जाळं वर येतं, पाणी गळतं, आणि एवढ्या खटाटोपानंतर तळाला मूठभर मासळी उड्या मारत असते. आमच्या आईला बाकावर बसवलं होतं, तिनं ते चार वेळा बघितलं आणि म्हणाली, "यांचं पोट भरतं कशावर?" दोर ओढणारा एकजण तेव्हाच पर्यटकांना हाका मारत होता, या, ओढून बघा. ओढल्यावर पैसे मागतात. उत्तर तिला तिथेच मिळालं. द्यावेत, कष्टाचेच आहेत.

मट्टांचेरीत वखारींच्या गल्लीत शिरलं की सुंठीचा वास नाकात बसतो. वहिनींनी मिऱ्याचा दाणा दाताखाली धरला, भाव विचारला, आणि दुकानदारासमोरच रविवार पेठेतल्या भावाशी ताडून बघितला. संकेश्वरी मिरचीत वाढलेल्या बाईला मसाल्यात कोण फसवणार? मिरी घेतली, वेलदोडा नाकारला. तिथून डच राजवाडा जवळच. बांधला पोर्तुगीजांनी, दिला कोचीच्या राजाला, डचांनी दुरुस्त केला आणि नाव डचांचं झालं. आतली रामायणाची भित्तिचित्रं मात्र सावकाश बघण्यासारखी आहेत. पुढे 1568 चं 'परदेशी' नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. आणि वेळ उरला तर चेरलाईतलं तिरुमला देवस्थान. सोळाव्या शतकात गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांचं ते देऊळ. परिसरात कोंकणी कानावर पडते आणि केरळात आहोत हे क्षणभर विसरायला होतं. कपड्यांचे नियम कडक आहेत, पुरुषांनी सदरा काढायची तयारी ठेवावी.

लक्षद्वीपचं सांगण्यासारखं थोडंच. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात, आणि समुद्र खवळलेला असला तर उतरणंच रद्द. गेलात तर पाण्यात उतरा, नाही गेलात तर चिडचिड करू नका, कॅप्टनच्या हातात लाटा नसतात. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझनाही माझा नियम तसाच लागू. पेनांगचा धक्का जॉर्ज टाउनच्या अंगणातच आहे, तिथे कुठलीही सहल विकत घ्यायची गरज नाही, पायीच लिटल इंडियापर्यंत जाता येतं. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर मात्र लांब, तिथे जहाजाची बस घेतलेली बरी.

उतरताना क्रूझचं कार्ड, मूळ ओळखपत्र, दिवसभराच्या गोळ्या आणि त्या दिवसाच्या पत्रकाचा फोटो जवळ असू द्या. बंदरावरच्या एजंटचा नंबर त्या पत्रकावरच असतो. जहाजाची वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून घ्या, परदेशात त्यात फरक पडतो. गोव्यात ओला-उबर नाही, टॅक्सीचा भाव बसायच्या आधी ठरवा. आणि फेणीची बाटली घेतलीत तर ती तपासणीत काढून घेतात, सफर संपताना परत देतात. आमच्या एका पाहुण्यांनी यावरून दारात केवढा तमाशा केला म्हणून सांगू. पाकीटबंद मसाल्याला कुणी हरकत घेतली नाही.

कोचीचा वार मात्र बुकिंग करतानाच बघा. राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी आणि ज्यूंच्या सणांना बंद, शुक्रवारी दुपारनंतरही त्याचा भरवसा धरू नका. तुमचं जहाज शुक्रवारी लागत असेल तर सकाळी जाळी, चर्च आणि वखारी करा, दुपारी वॉटर मेट्रोनं एक फेरी मारा. तारखा ठरलेल्या असतील तर सोबत कोण आहे, म्हातारं माणूस आहे काय, पोरं किती वर्षांची, एवढं खाली लिहा. जमेल तसं उत्तर देतो. अलेप्पीवाल्यांनी भांडायला यावं, वेळ आहे माझ्याकडे.