खुलासा : ॲप ‘बोंडअळी’ म्हणालं म्हणजे ९० टक्के खरंच, असं नाही

यवतमाळ, वर्ध्याकडच्या शेतकरी ग्रुपवर कपाशीची बोंडं पोखरणाऱ्या बोंडअळीबद्दल मेसेज फिरतोय : ‘एआय ॲप ९० टक्के अचूक आहे. त्यानं बोंडअळी सांगितली की अळी असण्याची शक्यता ९० टक्के. लगेच फवारा.’ हा हिशोब चुकीचा आहे, आणि उधारीवर औषध आणणाऱ्याला तो फार महागात पडतो.

समजा, किडकं असो की चांगलं, ॲप १०० पैकी ९० बोंडं बरोबर ओळखतं. पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांवरच्या, १००० बोंडांत २० किडकी असतील, तर ॲप त्यातली १८ पकडेल. पण ९८० चांगल्या बोंडांपैकी ९८ सुद्धा किडकी ठरवेल. एकूण इशारे ११६, खरे १८. म्हणजे १६ टक्केही नाहीत. तेच २०० किडकी असतील, तर शक्यता ६९ टक्क्यांवर जाते. ॲप तेच, इशारा तोच!

आधीची स्थिती (इथं, मुळात किती बोंडं किडकी) धरून पुरावा तोलायचा, हा इंग्रज गणिती थॉमस बेज यांचा १७६३ साली छापला गेलेला विचार. अनिश्चिततेत निर्णय घेणारं बरंचसं एआय त्यावरच चालतं.

तेव्हा आधी २० हिरवी बोंडं फोडा. दोनात अळी किंवा पोखरलेली सरकी दिसली, किंवा कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) सलग ३ रात्री ८-८ पतंग आले, तर फवारणीची वेळ आली.