डोकं दमतं की अडतं?

"दमलेल्या माणसाने महत्त्वाचे निर्णय घेऊच नयेत," असं इंजिनियरने ठणकावलं आणि कट्टा तापला. पुरावा त्याच्या खिशातच होता. इस्रायलमधल्या पॅरोलच्या, म्हणजे कैद्यांना मुदतीआधी सोडायचं की नाही याच्या, सुनावण्यांचा अभ्यास, २०११ सालचा. न्यायाधीशांच्या खाण्याच्या सुट्टीनंतर लगेच समोर आलेल्या कैद्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांना अनुकूल निकाल मिळाला. पुढची सुट्टी जवळ आली तसं ते प्रमाण शून्याला टेकलं.

वकील हसला. "अरे, प्रकरणांचा क्रम काय चिठ्ठ्या टाकून ठरतो? वकील नसलेले कैदी बहुतेक वेळा सुट्टीच्या तोंडावर येत होते. त्यांचे अर्ज तसेही जास्त फेटाळले जातात. त्याच वर्षी हा आक्षेप छापून आलाय."

"पण मनाची ताकद वापरली की संपते, हे तरी मानशील?"

"२०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तेच तपासलं. दोन हजारांवर माणसं घेतली, आणि परिणाम जवळपास शून्य."

इंजिनियर गप्प झाला. आमच्या कट्ट्यावर ही घटना दुर्मिळच!

मग मास्तर बोलले, आणि मला त्यांचंच पटलं. "टाकी रिकामी होते, हा विचार सोडा. जागा अडते, असं बघा. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना बुद्धीच्या चाचण्या दिल्या होत्या. एकदा तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना. आणि एकदा नंतर, पैसे आल्यावर. तीच माणसं नंतर सरस ठरली. २०१३ साली छापलंय."

"दुसऱ्या वेळी सराव झाला असेल," वकील.

"काहींची पहिलीच चाचणी तोडणीनंतर घेतली होती, एवढ्यासाठीच. आणि सगळ्यांची तोडणी एकाच वेळी होत नाही, म्हणून हवामानावरही ढकलता येत नाही."

"म्हणजे गरिबाला अक्कल कमी, असंच ना शेवटी?"

"उलटं! अक्कल तीच, पण ती हप्त्याच्या हिशेबात गुंतलेली. उरलेल्या डोक्यात तो बाकीचे निर्णय घेणार."

इंजिनियरला पुन्हा कंठ फुटला. "मग मदतीचे अर्ज सोपे करा. तंगीत असलेल्यालाच आपण सर्वात किचकट फॉर्म देतो."

"आणि पैसे?" वकील म्हणाला. "फॉर्म सोपा करून हप्ता थोडाच फिटतो?"

यावर दोघांची जी जुंपली, ती मी उठलो तेव्हाही चालूच होती.