खुलासा : झोंगझी पानासकट खात नाहीत

एक मेसेज फिरतोय. पानात गुंडाळलेल्या तिकोनी पुडीचा फोटो आणि खाली मजकूर : ‘चिनी लोक दर 5 जूनला बांबूची पानं खातात, म्हणून त्यांना उन्हाळा बाधत नाही.’ यातलं पानांचं, तारखेचं आणि उन्हाळ्याचं, तिन्ही चुकीचं आहे.

हा पदार्थ झोंगझी. भिजवलेला चिकट तांदूळ बांबूच्या किंवा बोरूच्या पानात भरायचा, दोऱ्याने आवळायचा आणि बराच वेळ उकडायचा. फोटो मोठा करून पाहा, दोरा दिसतोय. खाताना दोरा आणि पान दोन्ही काढून टाकतात. पानाचा वास तेवढा भाताला लागतो, आपल्या पातोळ्यांना हळदीच्या पानाचा लागतो तसा. चीनच्या उत्तरेकडे आत लाल चिनी बोरं घालतात, पूर्वेकडच्या च्याशिंग शहरात डुकराचं मांस. (मला विचाराल तर बोरांचं बरं.)

झोंगझी ज्या सणाला खातात तो ड्रॅगन बोट सण चिनी चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येतो : 2024 मध्ये 10 जूनला, 2025 मध्ये 31 मेला. आणि चिकट भात पचायला जड. उन्हाळ्यात थंडावा म्हणून तिकडे मुगाचं पातळ, गोडसर कढण पितात.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर गेला असेल तिथे हा खुलासा टाका, विशेषतः घरात कुणी बांबूची पानं उकळायला घेतली असतील तर.